पुराणकथेला देह देताना

तैलरंगात रंगवलेल्या देवाला वजन येते. मंदिराच्या भिंतीवर रेषेत बांधलेल्या कृष्णाला किंवा पोथीच्या पानावरच्या सरस्वतीला ते नसते, आणि पाहणारा भाविक ते मागतही नाही. तेलाची रीत वेगळी. जवसाच्या तेलात घोटलेला रंग वाळायला दिवस घेतो. तेवढ्या अवधीत चित्रकार छटेत छटा मिसळतो, वाळलेल्या थरावर पातळ, पारदर्शक थर चढवतो आणि कॅनव्हासवर कोपराची खळी, गळ्याखालची सावली, कानाच्या पाळीतला लालसरपणा दिसू लागतो. म्हणजे देह येतो. आणि देह आला की तो कुणाचा तरी असतो. दमयंतीला, मेनकेला, ययातीला कोणी पाहिलेले नाही. चित्रकाराला समोर कुणाला तरी बसवावे लागते, आठवणीतून कुणाला तरी उचलावे लागते किंवा आरशात पाहावे लागते. कथा सगळ्यांची, पण तिला दिलेला देह एका माणसाचा. खासगी प्रतीक चित्रात शिरते ते याच फटीतून, असे मला अनेक वर्षे चित्रे पाहून वाटू लागले आहे, आणि हे पुस्तक त्या वाटण्याची तपासणी आहे.

मानवाकृतिप्रधान तैलचित्रे, त्यांतल्या पुराणकथा आणि चित्रकारांची स्वतःची प्रतीके हा विषय मराठीत तुकड्यातुकड्यांनी आला आहे. रविवर्मा आपल्याला रणजित देसाईंच्या कादंबरीतून ठाऊक आहे, हुसेन वर्तमानपत्रांतून, तय्यब मेहता लिलावाच्या बातम्यांतून. युरोपातली चित्रे माहीत असतात ती कॅलेंडरवरून आणि सहलीच्या फोटोंवरून. या सगळ्यांना एका ओळीत उभे करून त्यांचे एकमेकांशी नाते काय, हे विचारायचे राहून गेले. नव्याने या वाटेला येणाऱ्या वाचकासाठी आधी थोडी जमीन दाखवतो.

तैलरंगातली पुराणचित्रे ही मुळात युरोपातल्या दरबारांची हौस. सोळाव्या शतकात व्हेनिसच्या तिशियनने स्पेनच्या दुसऱ्या फिलिपसाठी रोमन कवी ओव्हिडच्या काव्यावर आधारलेली मोठी चित्रे रंगवली. नग्न देवतांना पुराणाचा परवाना होता, आणि राजाला हवे ते राजाला मिळाले. पण तिशियन म्हातारा झाला तसे काहीतरी बदलले. अखेरच्या वर्षांतल्या त्याच्या ‘मार्सियस’च्या चित्रात अपोलो देवाशी संगीताची स्पर्धा हरलेल्या मार्सियसला झाडाला उलटा टांगून त्याचे कातडे सोलले जात आहे. रंग इतका तुटक आहे की मांस कुठे संपते आणि झाड कुठे सुरू होते ते कळत नाही. या सगळ्याच्या शेजारी राजा मिडास हनुवटीला हात लावून बसला आहे. तो पाहतो आहे आणि काहीही करत नाही. त्या मिडासचा चेहरा तिशियनचा स्वतःचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर ऐंशीच्या घरातल्या चित्रकाराने दुसऱ्याच्या यातनेचे सुंदर चित्र करणाऱ्या माणसाला, म्हणजे स्वतःला, थेट कथेत बसवले. पुढच्या चारशे वर्षांत हा विषय जिथे जिथे जिवंत राहिला तिथे हीच गोष्ट कुठल्या ना कुठल्या रूपात घडलेली दिसते.

मधल्या काळात अकादम्यांनी चित्रविषयांची उतरंड लावली. इतिहास आणि पुराण सर्वांत वर, फळांच्या टोपल्या सर्वांत खाली. अशा सरकारी उंचीवर कथा गारठतात. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये गुस्ताव्ह मोरो, जर्मन भाषिक जगात आर्नोल्ड ब्योक्लिन अशा प्रतीकवादी चित्रकारांनी त्या पुन्हा स्वप्नासारख्या, आजारासारख्या आतल्या केल्या. विसाव्या शतकात ही वाट माक्स बेकमानपर्यंत येते. या पुस्तकाच्या पहिल्या भागाचा तोच नायक आहे. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि बेकमानची फ्रँकफर्टमधली अध्यापकाची नोकरी गेली. त्याच सुमारास तो ‘प्रस्थान’ हे तीन फळ्यांचे चित्र रंगवत होता. दोन बाजूंना छळ: बांधलेली माणसे, हात तोडलेला एक पुरुष, माणसाच्या उलट्या देहाशी जखडलेली बाई. मध्ये निळा समुद्र, होडी, पाठमोरा मुकुटधारी राजा आणि त्याच्या हातातले मासळीचे जाळे. हा राजा कुठल्या पुराणातला? कुठल्याच नाही आणि सगळ्यांतला. मासे तर बेकमानच्या चित्रांत इतक्यांदा आणि इतक्या तऱ्हांनी येतात की कुठल्याही कोशातला एक अर्थ त्यांना पुरत नाही. चित्र लपवताना बेकमानने त्याच्या पाठीवर शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधली दृश्ये असल्याची नोंद केली होती म्हणतात. सगळ्यांना ठाऊक असलेली कथा खासगी भीतीला आडोसा देते, हे एवढ्या उघडपणे क्वचितच दिसते.

आपल्याकडे तेलाचा रंग आला तो इंग्रजी अमदानीबरोबर, आणि त्यात पुराण उतरवण्याचे श्रेय निर्विवादपणे किळिमानूरच्या राजा रविवर्म्याचे. त्रावणकोर दरबारात आलेल्या थिओडोर जेन्सन या युरोपीय चित्रकाराचे काम पाहत पाहत तो तेलाचे तंत्र शिकला. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले. पुढे सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यासाठी त्याच्याकडून पौराणिक चित्रांची मालिका करवून घेतली. भाऊ सी. राजराजवर्मा याच्यासह तो देशभर हिंडला आणि देवतांना कोणता पेहराव द्यावा, हे त्याने पाहून-पारखून ठरवले. त्याच्या अनेक नायिकांचा पदर आणि निऱ्या मराठी डोळ्याला चटकन ओळखू येतात, कारण मुंबई-पुण्याच्या स्त्रियांना त्याने आपल्या चित्रांत उभे केले. १८९४ मध्ये त्याने मुंबईत शिळाप्रेस काढला. तो पुढे मळवलीला गेला, आणि त्या छापांनी देवी घराघरांत पोचल्या. आज आपल्या डोळ्यांपुढे लक्ष्मी उभी राहते ती बहुधा त्याच देहाने.

सिस्टर निवेदिता आणि आनंद कुमारस्वामी यांनी या चित्रांना नाटकी म्हटले. आरोप अर्धा खरा आहे. त्याच्या काही चित्रांत पात्रे रंगमंचावर मांडल्यासारखी उभी आहेत आणि सगळ्यांचे चेहरे प्रेक्षकांकडे. पण पायातला काटा काढण्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी शकुंतला पाहा. मैत्रिणी दोन पावले पुढे गेल्या आहेत, तिची मान एकीकडे, पाऊल दुसरीकडे. दुष्यंत चित्रात नाही. त्याच्या जागी आपण आहोत. कालिदासाच्या नाटकातला एक क्षण देहाच्या एका पिळात असा बसवणे ही नाटकी गोष्ट असली तरी स्वस्त नाही.

बंगालच्या चित्रकारांनी रविवर्म्याला दिलेले उत्तर माध्यमातूनच आले. अवनींद्रनाथ ठाकुरांनी तेल बाजूला ठेवून जपानी धर्तीचे विरळ पाणरंग घेतले आणि देहाचे वजनच काढून टाकले. १९०५ ची त्यांची ‘भारतमाता’ धुक्यातून यावी तशी येते. इकडे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये एम. व्ही. धुरंधरांसारखे चित्रकार यथार्थदर्शी रेखाटनाच्या बळावर पुराण रंगवत राहिले, आणि हाडामांसाच्या आकृतीवरचा मराठी हाताचा ताबा त्या पिढीने पक्का केला. स्वातंत्र्याच्या वर्षी मुंबईत प्रोग्रेसिव्ह गट उभा राहिला. त्यात सूझा, रझा, आरा, गाडे, बाकरे आणि पंढरपूरचे हुसेन होते. हुसेनांनी डॉ. लोहियांच्या सांगण्यावरून रामायण आणि पुढे १९७१ च्या साओ पावलो द्वैवार्षिकासाठी महाभारत रंगवले. बडोद्याच्या शाळेने त्यानंतर कथनाला पुन्हा मान दिला. १९८१ च्या ‘प्लेस फॉर पीपल’ प्रदर्शनात भूपेन खख्खर, गुलाममोहम्मद शेख, सुधीर पटवर्धन, नलिनी मलानी आदींनी माणसाला त्याच्या गल्लीसकट कॅनव्हासवर आणले. या शाळांवर स्वतंत्र ग्रंथ आहेत. त्यांची भांडणे इथे पुन्हा सोडवत बसण्याचे कारण नाही.

दोन चित्रकारांपाशी मात्र मी मुद्दाम रेंगाळलो आहे, कारण पुराण आणि खासगी प्रतीक कसे भेटते याच्या दोन उलट्या वाटा त्यांच्याकडे दिसतात.

तय्यब मेहतांकडे प्रतीक आधी आले, कथा कितीतरी नंतर. फाळणीच्या दंगलीत, १९४७ मध्ये, मोहम्मद अली रोडवर जमावाने एका माणसाला ठार मारताना त्यांनी खिडकीतून पाहिले. त्या दृश्याने त्यांना आयुष्यभर सोडले नाही. पन्नाशीच्या दशकात त्यांच्या चित्रात पाय बांधलेला बैल आला. ‘कूडल’ हा त्यांचा १९७० चा लघुपट आहे, आणि त्यातले वांद्र्याच्या कत्तलखान्यातले चित्रण विसरता येत नाही. बैल, कोसळणारा माणूस, रिक्षा ओढणारा अशी मोजकीच रूपे ते पुन्हा पुन्हा काढत राहिले. मग १९८४-८५ मध्ये शांतिनिकेतनला मुक्काम झाला, त्यानंतर काली आली आणि नव्वदीच्या दशकात महिषासुर. बांधलेल्या बैलाला जणू चाळीस वर्षांनी त्याची कथा सापडली. त्यांच्या महिषासुरात देवी आणि रेडा एकमेकांत असे गुंतले आहेत की कुठला हात कुणाचा हे शोधावे लागते, आणि वध चालला आहे की आलिंगन हे डोळा ठरवू शकत नाही. परंपरेतल्या मूर्तीत देवी विजयी असते आणि आपण तिच्या बाजूचे असतो. तय्यब यांनी ती सोय काढून घेतली. पुढच्या काळात त्यांनी तेल सोडून अ‍ॅक्रिलिकचे सपाट रंग घेतले, म्हणून कडक व्याख्येत ते या पुस्तकात बसत नाहीत. तरी ते इथे आहेत. देहाचे वजन रंगाच्या थरातून काढून रेषेवर कसे टाकता येते, हे त्यांच्याशिवाय समजत नाही.

ए. रामचंद्रन यांची वाट दुसरी, आणि या पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्यांना दिला आहे. जन्म १९३५, केरळातल्या आट्टिंगलचा, म्हणजे रविवर्म्याच्या किळिमानूरच्या अगदी शेजारचा. मल्याळम साहित्यात एम. ए. करून ते शांतिनिकेतनला रामकिंकर बैज यांच्या हाताखाली शिकले. केरळातल्या देवळांच्या भित्तिचित्रांवर त्यांनी संशोधन केले आणि त्यावर २००५ मध्ये ग्रंथही प्रसिद्ध केला. दिल्लीत जामिया मिलियामध्ये शिकवत असताना, साठ-सत्तरच्या दशकांत, त्यांनी प्रचंड आकाराची, शीर नसलेल्या, पिळदार, यातनेत वळलेल्या देहांची चित्रे काढली. नोव्हेंबर १९८४ मधला शीखविरोधी हिंसाचार दिल्लीत जवळून पाहिल्यावर मात्र त्यांनी हिंसेचे चित्रण थांबवले. दुसऱ्याच्या दुःखातून आपली कलाकृती उभी करायची का, हा प्रश्न त्यांना टोचत होता. मला इथे तिशियनचा मिडास आठवतो.

त्यानंतर आला ‘ययाती’. तैलरंगातल्या बारा फळ्या, एकूण लांबी सुमारे साठ फूट, उंची आठ फूट, भोवती चित्र आणि मध्ये ब्राँझची शिल्पे. उषा, मध्याह्न, संध्या असे तीन भाग. मराठी वाचकाला ही कथा खांडेकरांच्या कादंबरीमुळे घरची आहे. तिथे ययाती बोलतो, देवयानी बोलते, शर्मिष्ठा बोलते, आणि त्यांच्या बोलण्यातून भोगाची झाडाझडती होते. गिरीश कार्नाडांच्या नाटकात मुलाच्या तारुण्यावर बापाचा हक्क किती, हा प्रश्न टोकाला जातो. रामचंद्रन यांच्या चित्रात कोणीच बोलत नाही आणि शापाचा प्रसंग जवळजवळ गैरहजर आहे. आहेत त्या राजस्थानातल्या भटक्या आणि आदिवासी स्त्रिया, त्यांच्या घागऱ्यांचे घेर, चांदीचे दागिने, गडद कांती आणि त्यांच्याभोवती वेली, पक्षी, किन्नरी. केरळच्या भिंतीवरचा तांबडा, पिवळा, हिरवा रंग तेलाच्या थरांतून आला आहे. आकृतींच्या कडा भित्तिचित्रासारख्या बांधीव, त्वचा मात्र तैलरंगाची, उबदार. भिंत आणि कॅनव्हास या दोन्हींचे गुण एकाच देहात उतरवणे हे अत्यंत अवघड काम आहे. जवळ जाऊन एखादा खांदा पाहावा: कडेची रेषा त्याला सपाट करू पाहते आणि आतली छटा त्याला फुगवते, आणि दोघींपैकी कोणीच हार मानत नाही.

चित्र प्रदर्शित झाले तेव्हा अनेकांना ते सजावटी वाटले, सामाजिक प्रश्नांपासून पळ काढल्यासारखे वाटले. मला हा आक्षेप पटत नाही. तारुण्य उसने घेऊन जगण्याकडे पाहणारा वृद्ध राजा हे पन्नाशीत पोचलेल्या, कालपर्यंत फक्त मृत्यू रंगवणाऱ्या चित्रकाराचे रूप आहे असे धरले, तर या साठ फुटांतला प्रत्येक वेलबुट्टीचा तुकडा गरजेतून आलेला दिसतो. ययातीची हाव आणि चित्रकाराची हाव एकच आहे: अजून पाहायचे आहे.

एक आक्षेप मात्र टाळता येत नाही आणि मी तो टाळलेला नाही. ज्या स्त्रियांनी या कथेला देह दिले त्यांची स्वतःची कथा कुठे आहे? रविवर्म्याच्या नायिकांबद्दलही हेच विचारायला हवे. कुणाच्या तरी खांद्यावर उमा, कुणाच्या तरी चेहऱ्यावर सरस्वती बसवली गेली, आणि नाव देवीचे राहिले. रामचंद्रन यांनी उदयपूरच्या आसपासच्या भिल्ल वस्त्यांत पुढे कित्येक वर्षे जाऊन रेखाटने केली, माणसांशी ओळखी ठेवल्या. त्या चित्रांत आपुलकी आहे. पण नजर पुरुषाचीच आहे, आणि पाहणाऱ्याने ते विसरू नये. म्हणूनच या पुस्तकात अर्पिता सिंग आणि नलिनी मलानी यांना जागा दिली आहे. अर्पितांच्या १९९० च्या ‘देवी पिस्तोलवाली’मध्ये देवीच्या अनेक हातांपैकी एकात पिस्तूल आहे आणि देवी रोज दिसणाऱ्या, थकलेल्या, मध्यमवयीन बाईसारखी आहे. मलानींनी सीतेला ग्रीक मिडियाच्या शेजारी उभे केले. तिथे देह देणारी आणि कथा सांगणारी एकच होते.

रामचंद्रन यांच्या उत्तरकाळातल्या कमळतळ्यांच्या चित्रांत आणखी एक गोष्ट दिसते. पानांच्या, देठांच्या गर्दीत कुठेतरी एक छोटा प्राणी असतो. कधी कासव, कधी मासा, कधी पक्षी, कधी किडा. त्याला चित्रकाराचा चेहरा असतो. विष्णूच्या अवतारांतला कूर्म पृथ्वीचा, मंदार पर्वताचा भार पेलतो. या कासवावर कसलाच भार नाही, ते नुसते पाहते आहे. इतक्या मोठ्या परंपरेत आपली जागा केवढी, याचे उत्तर त्यांनी आकारातून दिले आहे. कासव म्हणजे स्थैर्य, कमळ म्हणजे पावित्र्य अशा अर्थाच्या याद्या हाताशी घेऊन ही चित्रे वाचली तर हे निसटते. प्रतीकाचा अर्थ ते कॅनव्हासवर कुठे आहे, किती मोठे आहे, किती वर्षे परत येते आहे आणि कशा हाताने रंगवले आहे यावर ठरतो. पुस्तकभर मी हीच पद्धत पाळली आहे: आधी जागा, मग आकार, मग पुनरावृत्ती, आणि पुराण शेवटी.

हे आज लिहिण्याची निकड मला दोन कारणांनी वाटते. पहिले, देवांची रूपे झपाट्याने एकसारखी होत आहेत. मोबाइलच्या पडद्यावर येणारे गुळगुळीत, पिळदार, संतापलेले देव कुणाच्याच देहावरून घेतलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यात कुणीच राहत नाही. दुसरे, चित्रकाराने कथेत स्वतःला आणणे हाच अपराध मानण्याकडे कल वाढला. हुसेनांच्या चित्रांवर खटले झाले. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केले. तरी २००६ मध्ये देश सोडून गेलेले हुसेन परत आले नाहीत आणि २०११ मध्ये लंडनमध्ये वारले. पंढरपुरात जन्मलेल्या माणसाने महाभारत आपले मानले, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा होता. दर पिढीने पुराणकथा स्वतःच्या देहावर घेतल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. कीर्तनकाराने त्या घेतल्या, तमाशातल्या गणगौळणीने घेतल्या, दशावताराने घेतल्या. चित्रकारालाच ती मुभा नाकारण्याचे काही कारण मला दिसत नाही.

हा ग्रंथ इतिहास असल्याचा दावा करत नाही. गणेश पाइन टेंपेरात काम करत असल्याने, आणि प्रभाकर बरवे यांची प्रतीके मानवाकृतीपासून दूर गेल्याने, ते दोघेही मला प्रिय असूनही इथे ओझरतेच आले आहेत. लघुचित्रांची परंपरा, देवघरातले चौकटीतले छाप, सिनेमातली पुराणे यांनाही मी हात लावलेला नाही. निवडक चित्रे घ्यावीत, प्रत्येकापुढे वाचकाला पुरेसा वेळ उभे करावे, आणि कथा माहीत असली तरी चित्र माहीत नसते हे त्याला अनुभवू द्यावे, एवढाच प्रयत्न आहे. चित्रकलेचे शिक्षण नसलेल्या वाचकाला अडेल अशी परिभाषा शक्यतो टाळली आहे. जिथे तंत्राचा शब्द आला तिथे तो हाताच्या कृतीतून समजावला आहे.

छापलेल्या पानावर साठ फुटांचे चित्र वीतभर होते आणि तेलाच्या थरांची खोली एका सपाट शाईत जाते, याला इलाज नाही. रविवर्म्याची मूळ चित्रे बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंग संग्रहालयात आहेत. मुंबईहून रात्रीच्या गाडीने निघाले तर सकाळी पोचता येते. पुस्तक सोबत न्यावे, आणि तिथे पोचल्यावर ते मिटून चित्राच्या इतके जवळ उभे राहावे की रखवालदार हटकेल.